हरवलेली अट: साइन⁻¹(२क्ष/(१+क्ष²)) या उदाहरणाचे परीक्षण



तुम्ही बारावीचे गणित कोणत्याही राज्यात आणि कोणत्याही मंडळाकडून शिकला असाल, तरी पुढचे उदाहरण तुमच्या वहीत बहुधा सापडेल.

य = साइन⁻¹(२क्ष/(१+क्ष²)) असेल, तर य चा क्ष सापेक्ष अवकलज काढा.

रीतही पाठ असेल. क्ष = टॅन थीटा घ्यायचे. कंसातली राशी साइन २थीटा होते. साइन⁻¹ आणि साइन एकमेकांना खोडतात आणि य = २थीटा, म्हणजेच य = २ टॅन⁻¹ क्ष उरते. मग अवकलज एका ओळीत मिळतो: २/(१+क्ष²).

आता कॅल्क्युलेटर अंशांवर लावा आणि दोन किमती काढा. क्ष = २ घेतला तर कंसात ४/५ येतात आणि य सुमारे ५३.१३ अंश मिळतो. क्ष = ३ घेतला तर कंसात ६/१० येतात आणि य सुमारे ३६.८७ अंश मिळतो. क्ष वाढला आणि य घटला. पण २/(१+क्ष²) ही राशी नेहमी धन असते, आणि ज्या अंतरालात अवकलज धन असतो तिथे फल वाढायला हवे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. कॅल्क्युलेटर चुकलेला नाही. आपण पाठ केलेले उत्तर क्ष च्या काही किमतींनाच लागू आहे, आणि कोणत्या किमतींना ते आपण कधी विचारले नाही.

या टिपणात त्या उदाहरणाचे आणि त्यामागच्या शिकवण्याच्या पद्धतीचे परीक्षण करायचे आहे. थोडक्यात म्हणणे असे: व्यस्त त्रिकोणमितीय फलांच्या उदाहरणांत अट हा उत्तराचाच भाग असतो. शालेय पातळीवर ती गाळली तरी गुण मिळतात. पदवीच्या पहिल्या वर्षी निश्चित समाकल येतो, तेव्हा तीच गाळलेली अट चुकीची संख्या होऊन समोर येते.

१. चिन्हांविषयी

साइन⁻¹ क्ष म्हणजे ज्या कोनाचा साइन क्ष आहे तो कोन. १/साइन क्ष शी त्याचा संबंध नाही. ही लेखनपद्धती जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये वापरात आणली. यापुढे कोन रेडियनमध्ये आहेत, पाय म्हणजे वर्तुळाचा परिघ भागिले व्यास ही संख्या, आणि लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम.

साइन हे फल एकास एक नाही. ३० अंशांचा साइन १/२ आहे आणि १५० अंशांचाही १/२ आहे. म्हणून साइन⁻¹ ठरवताना अनेक कोनांपैकी एक निवडावा लागतो. ठरलेली निवड अशी:

साइन⁻¹ ची किंमत −पाय/२ ते पाय/२ या अंतरालात,
कोस⁻¹ ची किंमत ० ते पाय या अंतरालात,
टॅन⁻¹ ची किंमत −पाय/२ आणि पाय/२ यांच्या दरम्यान, टोके वगळून.

यालाच प्रमुख मूल्य म्हणतात. साइन⁻¹(साइन अ) = अ हे फक्त अ त्या ठरलेल्या अंतरालात असेल तरच खरे. १२० अंशांचा साइन काढून त्याचा साइन⁻¹ घ्या, ६० अंश परत येतील. ‘साइन⁻¹ आणि साइन खोडले जातात’ हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते. त्यातला ‘जर’ मात्र ऐकू येत नाही.

२. पुस्तक काय म्हणते

देशभर सर्वांत जास्त वापरले जाणारे पुस्तक घेऊ: एनसीईआरटीचे बारावीचे गणित. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेले हे पुस्तक अनेक राज्यांत चालते, प्रवेश परीक्षांची तयारी करणारे ते वाचतातच, आणि बाजारातली अनेक मार्गदर्शके त्याचीच उदाहरणे सोडवून देतात. म्हणून त्यात एखादी अट राहिली तर ती फार दूरवर राहते.

पाचव्या प्रकरणातील स्वाध्याय ५.३ मध्ये नववा प्रश्न आपलाच आहे: साइन⁻¹(२क्ष/(१+क्ष²)). त्याच्यापुढे क्ष साठी कोणतीही अट छापलेली नाही. उत्तरसूचीत २/(१+क्ष²) दिले आहे.

आता तेराव्या प्रश्नाकडे पाहा. तिथे कोस⁻¹(२क्ष/(१+क्ष²)) आहे, आणि त्याच्यापुढे −१ < क्ष < १ अशी अट स्पष्ट छापली आहे. साइन⁻¹ आणि कोस⁻¹ यांची बेरीज नेहमी पाय/२ असते. म्हणजे हे दोन प्रश्न एकाच फलाची दोन रूपे आहेत, आणि एकाला जी अट हवी तीच दुसऱ्यालाही हवी. चार प्रश्नांच्या अंतरावर एकीकडे अट आहे, दुसरीकडे नाही.

याच पुस्तकाच्या बराच काळ वापरात असलेल्या आवृत्तीत, दुसऱ्या प्रकरणात, २ टॅन⁻¹ क्ष = साइन⁻¹(२क्ष/(१+क्ष²)) हे सूत्र |क्ष| ≤ १ या अटीसह दिलेले होते. लेखकांना अट माहीत नव्हती असे म्हणता येत नाही. सूत्र म्हणून मांडताना अट सोबत होती, वापरताना ती मागे राहिली. सातव्या प्रकरणातील भागशः समाकलनाच्या स्वाध्यायात, म्हणजे ज्याला वर्गात बाय पार्ट्स म्हणतात त्यात, हेच फल पुन्हा येते. तिथेही अट नाही, आणि उत्तर २क्ष टॅन⁻¹ क्ष − लॉग(१+क्ष²) + स्थिरांक असे आहे.

पुस्तकाच्या बाजूनेही बोलायला हवे. त्याच स्वाध्यायातील दहाव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या सर्व प्रश्नांना अंतराल दिलेले आहे, आणि प्रमुख मूल्याची कल्पना दुसऱ्या प्रकरणात आलेखांसह समजावलेली आहे. बाजारातल्या अनेक मार्गदर्शकांपेक्षा हे काम काळजीने केलेले आहे. म्हणूनच त्यातला हा एक प्रश्न बारकाईने पाहण्यासारखा आहे.

३. चूक नेमकी कुठे शिरते

क्ष = टॅन थीटा घेण्यात काही गैर नाही. थीटा −पाय/२ आणि पाय/२ यांच्या दरम्यान घेतला की प्रत्येक क्ष साठी नेमका एक थीटा मिळतो. कंसातली राशी साइन २थीटा होते, हेही निर्विवाद. प्रश्न पुढच्या पायरीवर आहे. थीटा −पाय/२ ते पाय/२ मध्ये असेल, तर २थीटा −पाय ते पाय मध्ये फिरतो. साइन⁻¹ ला याच्या निम्मीच जागा दिलेली आहे.

म्हणून तीन भाग पडतात.

|क्ष| ≤ १ असेल तर २थीटा ठरलेल्या अंतरालातच राहतो, आणि य = २ टॅन⁻¹ क्ष.

क्ष > १ असेल तर २थीटा पाय/२ च्या पुढे जातो. साइन २थीटा = साइन(पाय − २थीटा), आणि पाय − २थीटा हा कोन ठरलेल्या अंतरालात बसतो. म्हणून य = पाय − २ टॅन⁻¹ क्ष.

क्ष < −१ असेल तर त्याच कारणाने य = −पाय − २ टॅन⁻¹ क्ष.

आता अवकलज घ्या.

|क्ष| < १ असता: २/(१+क्ष²)
|क्ष| > १ असता: −२/(१+क्ष²)
क्ष = १ आणि क्ष = −१ येथे: अवकलज अस्तित्वात नाही.

क्ष = १ पाशी डावीकडचा उतार १ येतो आणि उजवीकडचा −१. आलेख ० पासून चढत पाय/२ पर्यंत जातो, तिथे टोकदार कोपरा होतो आणि तो पुन्हा उतरू लागतो. सुरुवातीला काढलेल्या दोन किमती याच उतरत्या भागातल्या होत्या.

४. थेट रीत काय दाखवते

प्रतियोजन न करता साखळी नियमानेच सोडवून पाहा. कंसातल्या राशीला व म्हणू: व = २क्ष/(१+क्ष²). व चा अवकलज २(१−क्ष²)/(१+क्ष²)² येतो. साइन⁻¹ व चा अवकलज १/√(१−व²) आहे. १−व² सोपे केले की (१−क्ष²)²/(१+क्ष²)² मिळते. आता वर्गमूळ घ्यायचे आहे.

इथे हात थांबला पाहिजे. (१−क्ष²)² चे वर्गमूळ |१−क्ष²| असते. १−क्ष² लिहिले तर आपण न सांगता |क्ष| < १ धरून टाकतो. निरपेक्ष मूल्य ठेवले तर

य चा अवकलज = २(१−क्ष²) / (|१−क्ष²|(१+क्ष²))

असे एकच सूत्र मिळते, आणि त्यात तिन्ही गोष्टी आहेत: |क्ष| < १ असता धन चिन्ह, |क्ष| > १ असता ऋण चिन्ह, आणि क्ष = ±१ असता छेद शून्य.

थेट रीत दोन ओळींनी लांब आहे. म्हणूनच वर्गात ‘टॅन थीटा घातले की सुटते’ हे कौतुकाने सांगितले जाते. पण लांब रीतीत अट आपोआप समोर येते, आखूड रीतीत ती आठवणीने तपासावी लागते. आखूड रीत वापरा, फक्त वाचलेल्या त्या दोन ओळी अट तपासण्यात खर्च करा.

५. अट कुठे बिघडवते आणि कुठे नाही

स्वाध्याय ५.३ चा दहावा प्रश्न टॅन⁻¹((३क्ष−क्ष³)/(१−३क्ष²)) हा आहे, आणि तिथे −१/√३ < क्ष < १/√३ ही अट दिली आहे. उत्तर ३/(१+क्ष²). गंमत अशी की या अटीबाहेरही अवकलज तोच राहतो. क्ष > १/√३ असेल तर फल ३ टॅन⁻¹ क्ष − पाय होते. पाय हा स्थिरांक आहे, त्याचा अवकलज शून्य. म्हणून क्ष = ±१/√३ सोडून सगळीकडे उत्तर ३/(१+क्ष²) च.

म्हणजे ज्या प्रश्नात अट काढली तरी अवकलज बिघडत नाही तिथे ती छापली आहे, आणि ज्या प्रश्नात ती काढल्यावर चिन्हच उलटते तिथे ती नाही.

हा फरक का पडतो ते समजून घ्या, म्हणजे पाठांतर लागणार नाही. टॅन दर पाय अंतराने तसाच्या तसा परत येतो, त्यामुळे शाखा बदलली की कोनात पाय चा पूर्णांक पट मिसळतो, एवढेच. साइन आणि कोस यांच्या लगतच्या शाखा मात्र आरशातल्या प्रतिमेसारख्या उलट्या असतात: अ च्या जागी पाय − अ येतो आणि अ चे चिन्ह बदलते. म्हणून टॅन⁻¹ मध्ये शाखा विसरली तर फलाची किंमत चुकते पण अवकलज वाचतो. साइन⁻¹ आणि कोस⁻¹ मध्ये दोन्ही चुकू शकतात.

६. एक आक्षेप

कोणी म्हणेल, शाळेत हे सगळे सांगत बसलो तर अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार? जिथे सूत्र लागू पडते तेवढ्याच क्ष साठी प्रश्न आहे असे सर्वजण समजून घेतात.

वेळेची अडचण खरी आहे. पण ‘समजून घेतात’ हे खरे नाही, कारण समजून घेण्यासारखी खूणच प्रश्नात नाही. √(१−क्ष²) दिसले की |क्ष| ≤ १ हे फलच सांगते. इथे तसे काही होत नाही. २क्ष/(१+क्ष²) ही राशी प्रत्येक वास्तव क्ष साठी −१ आणि १ यांच्या दरम्यानच राहते, त्यामुळे य हे फल सर्व वास्तव संख्यांवर व्यवस्थित परिभाषित आहे. प्रांत दिलेला नसेल तर परिभाषित असेल तिथवर, हा संकेत पुस्तकानेच शिकवलेला. तो पाळला तर सूचीतले उत्तर अपुरे ठरते. अट छापायला अर्धी ओळ लागते.

७. चुकीची संख्या कशी तयार होते

आता निश्चित समाकलाकडे येऊ. साइन⁻¹(२क्ष/(१+क्ष²)) या फलाचा ० पासून √३ पर्यंतचा समाकल काढा.

पाठ केलेल्या रीतीने २क्ष टॅन⁻¹ क्ष − लॉग(१+क्ष²) घेऊन टोकाच्या किमती घातल्या, तर उत्तर येते २पाय/√३ − २ लॉग २, म्हणजे सुमारे २.२४१.

बरोबर रीत अशी. अंतराल १ पाशी तोडा.

० ते १: फल २ टॅन⁻¹ क्ष. समाकल पाय/२ − लॉग २.

१ ते √३: फल पाय − २ टॅन⁻¹ क्ष. समाकल पाय/√३ − पाय/२ + लॉग २.

बेरीज: पाय/√३, म्हणजे सुमारे १.८१४.

लॉग नाहीसा झाला आणि उत्तर देखणे निघाले. चुकीचे उत्तर खऱ्यापेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी जास्त आहे. बहुपर्यायी परीक्षेत दोन्ही आकडे पर्यायांत असतील, तर पाठांतर करणारा विद्यार्थी न अडखळता चुकीच्या पर्यायावर खूण करील आणि त्याला कसलीही शंका येणार नाही, कारण मधली प्रत्येक पायरी पुस्तकात आहे.

शंका यायला एकच किंमत पुरते. वरच्या टोकाला, क्ष = √३ असता, कंसात √३/२ येतात आणि फलाची किंमत पाय/३ आहे. २ टॅन⁻¹ √३ मात्र २पाय/३ आहे. साइन⁻¹ ला पाय/२ च्या वर जाताच येत नाही, म्हणजे तिथे सूत्र लागू नाही हे तत्काळ कळते.

टॅन⁻¹ मध्ये अवकलज वाचतो असे वर म्हटले. समाकलात मात्र तोही दगा देतो. १/(५ + ४ कोस क्ष) या फलाचा ० पासून २पाय पर्यंत समाकल काढायचा आहे. टॅन(क्ष/२) चे नेहमीचे प्रतियोजन केले की प्रतिअवकलज (२/३) टॅन⁻¹((१/३) टॅन(क्ष/२)) मिळतो. दोन्ही टोकांना टॅन(क्ष/२) शून्य, म्हणून उत्तर शून्य!

पण ५ + ४ कोस क्ष हे १ आणि ९ यांच्या दरम्यान असते. मूळ फल कुठेही १/९ पेक्षा लहान नाही, मग त्याखालचे क्षेत्रफळ शून्य कसे होईल? चूक अशी की क्ष = पाय येथे टॅन(क्ष/२) परिभाषितच नाही, आणि आपला प्रतिअवकलज तिथे पाय/३ वरून एकदम −पाय/३ वर उडी मारतो. कलनाचे मूलभूत प्रमेय संपूर्ण अंतरालावर संतत प्रतिअवकलज मागते. पाय पाशी अंतराल तोडा. प्रत्येक अर्ध्याचा वाटा पाय/३ येतो, आणि खरे उत्तर २पाय/३.

याच जातीचा तिसरा दाखला: टॅन⁻¹ क्ष + टॅन⁻¹(१/क्ष) चा अवकलज सर्वत्र शून्य आहे, म्हणून ही बेरीज पाय/२ असे लिहिले जाते. क्ष = −१ घाला, बेरीज −पाय/२ येते. अवकलज शून्य असेल तर फल स्थिर असते हे प्रमेय अंतरालासाठी आहे. क्ष = ० वगळल्यावर प्रांताचे दोन तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याचा स्थिरांक वेगळा निघतो.

८. पुस्तके बदलली की शाखाही बदलते

पदवीला आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साइन⁻¹, कोस⁻¹ आणि टॅन⁻¹ यांच्या शाखांवर सहसा सर्वांचे एकमत आहे. सेक⁻¹ चे तसे नाही. थॉमस यांच्या कॅल्क्युलसमध्ये सेक⁻¹ ची किंमत ० ते पाय मध्ये, पाय/२ वगळून, घेतात. त्यामुळे अवकलज १/(|क्ष|√(क्ष²−१)) येतो. जेम्स स्ट्युअर्ट यांच्या कॅल्क्युलसमध्ये ऋण क्ष साठी पाय ते ३पाय/२ ही शाखा घेतात, आणि अवकलज १/(क्ष√(क्ष²−१)) येतो, निरपेक्ष मूल्याशिवाय. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या करारात. एका पुस्तकातली शाखा आणि दुसऱ्यातले सूत्र एकत्र केले, तर ऋण क्ष साठी चिन्ह चुकते. उत्तरपत्रिकेत सेक⁻¹ वापरताना शाखा एका ओळीत लिहून टाका.

९. अट सांभाळणारी परंपरा

अटींचा हा आग्रह आधुनिक काटेकोरपणाचे खूळ आहे असे वाटत असेल, तर केरळच्या गणितींकडे पाहा. संगमग्रामच्या माधवाच्या नावाने ओळखली जाणारी टॅन⁻¹ ची श्रेणी आपल्याला माहीत आहे: क्ष − क्ष³/३ + क्ष⁵/५ − … अशी चालणारी. सोळाव्या शतकातल्या शंकर वारियर यांच्या टीकाग्रंथांतून हा नियम आपल्यापर्यंत येतो. त्यातच सांगितले आहे की ज्या आणि कोज्या यांपैकी जी लहान असेल तीच इष्ट म्हणून घ्यावी, एरवी गणित संपणारच नाही.

लहान राशीला मोठ्या राशीने भागायचे, म्हणजे गुणोत्तर १ च्या वर जात नाही. आपल्या भाषेत ही |क्ष| ≤ १ हीच अट आहे. कोन ४५ अंशांहून मोठा असेल तर त्याचा कोटिकोन काढायचा, म्हणजे टॅन⁻¹ क्ष च्या जागी पाय/२ − टॅन⁻¹(१/क्ष) घ्यायचे. ते लोक हाताने गणित करत होते, अट मोडली तर काय होते ते त्यांना प्रत्यक्ष दिसत असे. म्हणून त्यांनी अट नियमाच्या आतच ठेवली.

१०. मग उदाहरण सोडवायचे कसे

एक: सोडवण्याआधी फलाचा प्रांत लिहा. प्रश्नात अंतराल दिले असेल तर ते अधोरेखित करा.

दोन: क्ष = टॅन थीटा किंवा क्ष = साइन थीटा घेतले की थीटाचे अंतराल त्याच ओळीत लिहा.

तीन: व्यस्त फल आणि मूळ फल खोडण्यापूर्वी आतला कोन, उदाहरणार्थ २थीटा किंवा ३थीटा, कोणत्या अंतरालात आहे ते पाहा. तो ठरलेल्या शाखेबाहेर जात असेल तर भाग पाडा.

चार: √(अ²) दिसले की |अ| लिहा. चिन्ह नंतर ठरवा.

पाच: अटीबाहेरची एक किंमत घालून उत्तर तपासा. निश्चित समाकलात दोन्ही टोके आणि मधले संशयास्पद बिंदू तपासा.

परीक्षेत वेळ कमी असेल तर पहिली आणि तिसरी पायरी तरी सोडू नका.

११. स्वतः करून पाहा

(अ) कोस⁻¹((१−क्ष²)/(१+क्ष²)) चा अवकलज सर्व वास्तव क्ष साठी काढा.
उत्तर: क्ष > ० असता २/(१+क्ष²), क्ष < ० असता −२/(१+क्ष²), क्ष = ० येथे अवकलज नाही.

(आ) साइन⁻¹(साइन क्ष) चा ० पासून पाय पर्यंतचा समाकल काढा.
उत्तर: पाय²/४. आलेख काढलात तर पाया पाय आणि उंची पाय/२ असलेला त्रिकोण दिसेल, समाकलनाची गरजच पडणार नाही. साइन⁻¹ आणि साइन डोळे मिटून खोडले तर पाय²/२ येते, बरोबर दुप्पट.

(इ) टॅन⁻¹((३क्ष−क्ष³)/(१−३क्ष²)) ची किंमत क्ष = १ असता काढा आणि ती ३ टॅन⁻¹ १ शी ताडून पाहा.
उत्तर: −पाय/४. दुसरी किंमत ३पाय/४ आहे. फरक पाय.

शेवटी एक विनंती. तुमच्या जुन्या पुस्तकात किंवा वहीत हा नववा प्रश्न काढा आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने |क्ष| < १ लिहा, आणि खाली |क्ष| > १ साठीचे उत्तर. ते पुस्तक पुढच्या वर्षी तुमच्या धाकट्या भावंडाच्या किंवा शेजारच्या कुणाच्या हाती जाईल. त्यांच्यासाठी ती अर्धी ओळ तिथे असू द्या.